मागचा इंडिकेटर

फ्यूजकाकांना हे नाव हुशारीमुळे पडलं की ते फटकन उडायचे म्हणून पडलं, कोण जाणे. दोन्ही खरं असावं. जन्मभर वायरमनचं काम केलं. कुठला दिवा का रुसलाय, हे त्यांना दारातच कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी कॅरॅव्हान घेतली, म्हणजे मोटारीला जोडून ओढत न्यायची, चाकांवरची खोली. हौस काकूंची. काकूंची उमेदीची वर्षं बेकरीची व्हॅन चालवण्यात गेली होती, तीही एकाच गावात. "जिथं पाव पोचवायचा नाही अशा रस्त्यानं एकदा तरी जायचंय मला," त्या म्हणायच्या. काकांनी शब्द दिला होता, "गाडी मी चालवणार. तू शेजारी बसायचं आणि नुसतं बाहेर बघायचं."

कॅरॅव्हानचं वायरिंग काकांनी नव्यानं केलं आणि झाडून सगळ्या स्विचांना लाल इंडिकेटर बसवले.

"अहो, खोली आहे की विमानतळ?" काकू हसल्या.

काकाही हसले. खरं कारण सांगायची सोय नव्हती. वर्षभरात त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललं होतं. तो लाल ठिपका दिसला की निदान स्विच तरी सापडायचा. डॉक्टरकडे ते फिरकले नव्हते. डॉक्टर गाडी चालवणं बंद करायला सांगणार आणि बायकोची सहल बोंबलणार, या धास्तीनं. रस्ता नीट दिसत नसताना गाडी चालवायला निघालेला माणूस! याला प्रेम कोण म्हणेल? शुद्ध गाढवपणा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकू आतल्या पलंगावर आडव्या होऊन बघत होत्या. "अहो, छताचा दिवा बंद करा ना."

"बंदच आहे."

"मग हा मिणमिणतोय कोण?"

काकांनी वर पाहिलं. त्यांना छतसुद्धा धड दिसेना. पण धंदा अंगात मुरलेला; कारण त्यांनी घडाघडा सांगून टाकलं. "इंडिकेटरपायी दिव्यातून जरासा करंट जात राहतो. जुन्या बल्बला त्याचा पत्ताही लागायचा नाही. हे एलईडी तेवढ्यावरही पेटतात." त्यांनी चाचपत स्विच काढला, त्या जागी साधा बसवला आणि विचारलं, "गेला का गं?"

"गेला," काकू म्हणाल्या. मग बराच वेळ त्या नवऱ्याच्या बोटांकडे बघत राहिल्या. एरवी एवढ्याशा कामाला काका स्वतः वर बघायचे, दुसऱ्याला विचारायचे नाहीत.

सकाळी सामान चढलं, मोटार जोडली, वायरची पिन बसवली. राहिली मागच्या इंडिकेटरची, म्हणजे वळणाच्या दिव्यांची तपासणी. काकू ड्रायव्हरच्या जागी बसल्या, काका कॅरॅव्हानच्या मागे उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं पांढुरकं धुकं.

"अहो, डावा लागला?" काकूंनी विचारलं.

"लागला."

"उजवा?"

"झक्कास!" काका म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मोटारीचं दार वाजलं. काकू मागे आल्या आणि त्यांनी काकांच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. गार, दातेरी. मोटारीची किल्ली.

"मी ती लावलीच नव्हती," काकू म्हणाल्या.

एरवी काका उडाले असते, पण आज उडताही येईना. "तुला फिरवायचं होतं गं," एवढंच निघालं तोंडातून, आणि डोळे भरून आले.

"कुठं, खड्ड्यात?" काकू कडाडल्या. "डोळ्यांचं बघू आपण, त्याला औषध असेल नाहीतर नसेल. पण इतक्या वर्षांच्या बायकोला सांगितलं नाहीत, त्याला काय औषध?"

काकूंनी किल्ली परत घेतली आणि त्या पुढे गेल्या. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

"अहो, आता खरंच लावलाय. डावा. लागला का?"

काकांनी डोळे ताणले, बारीक केले, एक पाऊल पुढे गेले. धुक्यात काही लुकलुकलं नाही.

"दिसत नाही गं," ते म्हणाले.

"हां," पुढून आवाज आला. "या आता, बसा शेजारी. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मग पुढं. गाडी मी चालवते."