मुलींच्या संडासाचं कुलूप

सौंसरच्या ज्या शाळेत मी झाडझूड आणि संडास धुवायचं काम करते, तिथं मुलींचा संडास महिन्यातून दोनदा तुंबायचा. तुंबला की मोठे सर नाकाला रुमाल लावून लांबूनच विचारणार, "काय झालं, बाई?" काय झालं म्हणे! पोट्ट्यांनी भांड्यात पॅड टाकलं, ते पाणी पिऊन उशीसारखं फुगलं आणि पाइपात जाऊन बसलं. काढणार कोण? मीच. सळई वाकवून आकडा केलेला, तो आत घालायचा आणि ओढायचं. त्यातलं जेल हाताला साबुदाण्यासारखं चिकटते. तेव्हापासून साबुदाणा मी तोंडात घातला नाही.

बरं, भिंतीवर मशीन आहे, पॅड जाळायची. बटण दाबलं की तापते, राख खाली पडते. दोन वर्षं झाली लावून, पण एक पोट्टी हात लावेल तर शपथ.

मग नागपूरची एक मॅडम भाषण द्यायला आली. म्हणे, तुमचं पॅड तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत कुजत नाही आणि जाळलं तर धुरातही विष असते. मग पिशवीतून फुलाफुलाचे कापडी पॅड काढले. धुवा, उन्हात वाळवा, पुन्हा वापरा. माझं डोकं तडकलं. मी मागूनच बोलली, "मॅडम, आमच्या मोहल्ल्यात नळ दोन दिवसाआड येते. धुवायचं कुठं? अन् वाळवायचं कुठं, सासऱ्याच्या खाटीवर?" ती म्हणाली, "ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे." बरोबर आहे त मग घेऊन जा ना परत! दारामागं अर्धवट वाळलेलं कुबट कापड लावून आमची अर्धी जिंदगी गेली, मांड्या सोलून निघायच्या. पॅड आलं तेव्हा सुटलो बाप्पा. आता म्हणे धरतीसाठी पुन्हा कापड. सगळ्या दुनियेनं घाण करायची आणि धरती वाचवायचा ठेका आमच्याच पाळीचा!

पण ती खोटं बोलली नव्हती, हेही मला माहीत होतं. मागच्या साली शाळेची टाकी उपसली तेव्हा बाकी सगळं सडून गेलं होतं, पॅड मात्र तसेच्या तसे निघाले.

त्याच आठवड्यात संडास परत तुंबला. मोठे सर म्हणाले, "आता एकदा झालं की कुलूप." हे नुसतं धमकावणं नव्हतं. आधी एकदा दोन महिने कुलूप लावलं होतं. तेव्हा मोहगावच्या दोन पोट्ट्या एम.सी.च्या दिवसांत घरी बसल्या त्या बसल्याच, नाव कटलं त्यांचं. माझी पोरगी याच शाळेत, नववीत. तिचा बाप त बहाणाच शोधून राहिला होता. "शाळेत संडास नाही त कायले पाठवतं पोरीले?" कुलूप लागलं की तिची शाळा संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग ठरवलं, पकडायचीच. जी कोणी असन तिची वेणी धरून सरांपुढं उभी करीन. झाडू घेऊन दाराशी बसली. एकेक पोट्टी बाहेर आली की आत जाऊन भांडं पाहायचं. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी माझी पोरगी जाऊन आली. तिच्यामागं पाहायचं काही कारणच नव्हतं, सवयीनं गेली. भांड्यात पांढरा कोपरा वर आलेला.

तिला दंडाला धरून आत ओढली आणि एक ठेवून दिली. "माय हातानं काढते अन् तू टाकतं? मशीन दिसत नाही तुले?"

ती रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "तूच त सांगितलं, आई. जाळायचं नाही, कूस जळते. उकिरड्यावर टाकायचं नाही, सापानं ओलांडलं त लेकरू होत नाही. पाण्यात सोड म्हणली होती तू."

म्हटलं होतं. तिला पहिली पाळी आली त्या सकाळी, तिचा डबा भरता भरता, दोन मिनिटांत. माझ्या आईनं मला सांगितलं तेच पुढं ढकललं. पण आमच्या वेळी पाणी म्हणजे गावचा नाला. सुती कापड जुनं झालं की वाहत्या पाण्यात सोडायचं, ते विरून जायचं. माझ्या पोरीनं नाला कुठं पाहिला? तिच्यासाठी पाणी म्हणजे फ्लशचं.

"सगळ्याच असं करतात," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आयांनी हेच सांगितलं."

ज्या आयांना मी रोज मनातल्या मनात शिव्या घालायची, त्यातली एक मीच निघाली. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखीच राग आला.

आकड्यानं ते बाहेर काढलं, मशीनमध्ये टाकलं, बटणावर बोट ठेवलं. बोट दबेच ना. पोरगी मागून पोट धरून म्हणाली, "आई, नको न व."

दाबलं. नाकाला झोंबणारा काळा धूर निघाला.

तशीच तिला घेऊन नववीच्या वर्गात गेली. वर्गावरच्या मॅडमला म्हटलं, दोन मिनिटं द्या. पोट्ट्यांना म्हटलं, "जाळलं त कूस जळते, असं मीच हिले शिकवलं होतं. आत्ता हिचं जाळून आली. जळायचीच असन त पहिले माह्या पोरीची जळन. तुम्ही कायले भेता?" पोरगी मान खाली घालून उभी होती.

हळूहळू पोट्ट्या मशीनमध्ये टाकू लागल्या, कुलूप लागलं नाही. पोरगी आता दहावीत आहे. पण दर महिन्याला ती हळूच विचारते, "आई, खरंच काही नाही होत ना?" मी खेकसते, "काही नाही होत म्हटलं ना एकदा!" आणि खरं सांगू? मी भिते. तिचं लग्न होऊन तिच्या ओटीत लेकरू येईपर्यंत भीतच राहणार आहे.