ढोल वाजेल तेव्हा मान हलवायची नाही

माझ्या आवडत्या मेटल बँडना आमच्या घरात त्यांच्या खऱ्या नावांनी कोणी ओळखत नाही. बाबांनी त्यांची परस्पर बारशी उरकली आहेत. स्वीडनचे पाच जण माझे सगळ्यात लाडके, ते 'गिरणीवाले', कारण त्यांची गिटार सुरू झाली की बाबांना चौक गावच्या बाजारातली पिठाची गिरणी आठवते. फिनलंडचे ते 'रडके'. त्यांचं एक गाणं लावून बाबा भाताला पाणी सोडून आले तरी गाणं आपलं चालूच. आणि एक मुंबईचेच आहेत, त्यांचा गायक पोटातून गुरगुरतो. ते अर्थातच 'कुत्रेवाले'. आधी मी चिडायचे, भांडायचे, जेवण सोडून उठायचे. मग कंटाळले आणि मीही तेच म्हणायला लागले.

तेव्हा मी कर्जतला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. सकाळी टमटममध्ये कोंबून जायचं, कानात गिरणीवाले. कॅन्टीनमध्ये मैत्रिणीबरोबर एकेक इअरबड वाटून घ्यायचा आणि नवीन अल्बमवरून तावातावाने भांडायचं. ती कर्जतचीच, ड्रम वाजवायची. अख्ख्या तालुक्यात आम्हा दोघींखेरीज हे ऐकणारं कोणी असेल असं वाटत नव्हतं. कवटीचा टी-शर्ट आई उलटा करून वाळत घालायची. 'लोकांनी काय म्हनावं गं,' एवढंच तिचं म्हणणं. पुढे एमएस्सीला पुण्याला जायचं ठरलं होतं. पुण्यात कार्यक्रम होतात, खरेखुरे, घामाने भिजून घरी जाण्यासारखे. एमएस्सीचं कारण खोटं नव्हतं, पण ओढ ह्याची जास्त होती.

घरात डोकं हलवायला एकच जागा, माळा. तिथे भाताच्या कणग्या आणि जुन्या गाद्या. दुपारी सगळे पडले की मी वर जायचे, केस मोकळे सोडायचे आणि मान मोडेस्तोवर हलवायचे. हेडबँगिंग म्हणतात त्याला. ते झालं की मला कसं अगदी झोप झाल्यासारखं वाटायचं.

त्या दुपारीही मी तेच करत होते. गिरणीवाल्यांचं नवं गाणं, शेवटचा वेगाचा भाग. डोळे मिटलेले, केस चारी दिशांना. गाणं संपलं, डोळे उघडले, तर शिडीच्या तोंडाशी आत्या. अर्धी वर आलेली, आणि माझ्यापुढे हात जोडलेले.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याच घरी असते. गावात तिला देवीचं झाड म्हणतात. गावदेवी तिच्या अंगात येते, मग ती केस सोडून घुमते आणि लोक तिला आपली गाऱ्हाणी विचारतात. दर मंगळवारी आमच्या ओटीवर गर्दी. कोणाची म्हैस आटली, कोणाची सून रुसली, फार्महाउसवाल्या पार्टीला जमीन द्यावी का न द्यावी. लोधिवलीपासून लोक येतात. ती सोळा वर्षांची होती तेव्हा पालखीसमोर ढोल वाजला आणि ती घुमली. लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. देवी शीव ओलांडत नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हणून आत्याला कुठेही गेलं तरी दिवेलागणीला गावात परतावं लागतं. पनवेलच्या पुढे ती कधी गेली नाही. समुद्र पाहिलेला नाही, रायगड जिल्ह्यात जन्म काढून.

आणि तीच आत्या मला हात जोडून विचारत होती, "कोन आलंस, आई?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या बाईने मला न्हाऊ घातलं, ढुंगणावर फटके दिले, तिने मला नमस्कार करावा! मी घाईघाईने केस मागे केले, कानातून इअरबड काढून दाखवले. "अगं आत्या, गाणं ऐकत होते. गाणं! हे बघ." वायर नाही, काही नाही, दाण्याएवढी वस्तू. तिला कसं दिसणार? मी एक तिच्या कानात घातला आणि गाणं लावलं. म्हटलं, ऐकेल आणि शिव्या घालेल, विषय संपेल.

काय बुद्धी झाली मला!

तिने बराच वेळ ऐकलं. चेहरा हलला नाही. मग हलक्या हाताने इअरबड काढून माझ्या तळव्यावर ठेवला.

"हा मानसाचा आवाज नाय," ती म्हणाली. "मलाबी पयल्यांदा आसंच वाजायचं कानात. कोनाला आयकू नाय यायचं. फकस्त मला."

ती खाली उतरली, एकेका पायरीवर थांबत. तिचे गुडघे दोन वर्षांपासून गेलेले. पुढचं झाड कोण, ही चर्चा गावात तेव्हापासूनच होती. मला ते माहीत होतं. पण ते माझ्याशी जोडलं जाईल हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

दोन दिवसांत गावभर झालं. बोअरिंगवर शेजारची काकू माझ्या हंड्याआधी तिचा हंडा लावेना. "तू घे गं बाय आधी," म्हणाली आणि मी पाठ वळवल्यावर जिथे मी उभी होते तिथली माती कपाळाला लावली. डोळ्याच्या कोपऱ्यातून मी ते पाहिलं. मला ओरडावंसं वाटलं. आई माझं ताट वेगळं काढायला लागली, अंडं बंद झालं. तिला विचारलं तर नुसती कामात असल्याचं दाखवायची. बाबा पहिल्या दिवशी हसले. "आता गिरणीवालेबी देवीचे भक्त झाले व्हय?" म्हणाले. नंतर ते हसले नाहीत.

मग गावकीतले एक काका आले. गावकी म्हणजे देवळाचा, पालखीचा सगळा कारभार बघणारी जाणती मंडळी. चांगला माणूस, माझ्या दहावीच्या निकालाला पेढे वाटलेला. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि बाबांना म्हणाले, "आमी जबरदस्ती करीत नाय. चैताच्या पालखीला पोरीला उभी ऱ्हाऊ दे. ढोल वाजला का कळंल. नसंल तर नसंल, आनंदानी पुन्याला जाऊ दे."

"आनि आसंल तर?" बाबांनी विचारलं.

"आसंल तर मंग आपल्या हातात काय हाय?"

मी आतून ऐकत होते. तोंडचं पाणी पळालं माझ्या. म्हणजे सगळं माझ्या मानेवर होतं. एकदा हलली की पुणं संपलं. मंगळवार, कुंकवाचा मळवट, म्हशी आणि सुना, आणि रोज दिवेलागणीला घरात.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "भारी गं! लोक आयुष्यभर काळे कपडे घालून फिरतात, तुला थेट बोलावणं आलं." मी रडायला लागले तेव्हा तिचं तोंड उतरलं. मग ती म्हणाली, "ढोल ऐकू नकोस. मोज. मी वाजवताना मोजते तेव्हा मला गाणं ऐकूच येत नाही. मोजणाऱ्याला नाचता येत नाही."

मी सगळं ऐकणं बंद केलं. गिरणीवाले बंद, रडके बंद. पण तेव्हाच तर कळलं की माझी मान माझी राहिलेली नाही. टमटमवाल्याने हळदीची गाणी लावली की हनुवटी आपोआप खाली जायची. मिक्सर लागला तरी. आरशासमोर उभी राहून मी टेबलावर बोटांनी ताल धरायचे आणि मान स्थिर ठेवायचा सराव करायचे. जमायचं नाही. मग मनात यायचं, आत्याचं खरं असेल तर? मला ते आवाज आवडतात म्हणून मी ऐकते, की कोणीतरी मला ते ऐकायला लावतंय? माळ्यावर गाणं संपल्यावर जे हलकं वाटायचं, ते काय होतं? कोणाला विचारणार? ज्या एका बाईला ठाऊक असेल तिच्यासमोर जायचीच मला धास्ती बसली होती. ती ओटीवर तांदूळ निवडत बसलेली असली की मी मागच्या दाराने जायचे. तिला सुटका हवी आहे, असं माझ्या मनाने घेतलं होतं. गुडघे गेलेत, थकलीय, आणि मी आयती सापडलेय. मला तिचा राग यायचा, भयंकर राग.

पालखीच्या सकाळी आईने मला न्हाऊ घातलं. हिरवं लुगडं नेसवलं. केस विंचरून मोकळे सोडले, तसंच करायचं असतं. मला वाटत होतं आईला मनातून बरं वाटतंय, घराला मान मिळतोय. शेवटची बट मागे सारताना ती कानाशी वाकली.

"नको गं येऊ देऊस," म्हणाली. "पाया पडते तुझ्या, नको येऊ देऊस."

तोवर मी धीराने होते. ते ऐकल्यावर तो धीर सुटला.

देवळासमोर अंगण भरलेलं. माथेरानला हॉटेलात कामाला असलेली पोरंही सुट्टी टाकून आली होती. पालखी मधे, तिच्यासमोर मी. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत आत्या, काठी मांडीवर आडवी. ढोल सुरू झाले.

मी मोजायला लागले. एक दोन तीन, एक दोन तीन. संथ होतं, जमलं. मग ताशा मिसळला आणि लय चढली. काय सांगू, तो ठेका मला आवडला. खरोखर आवडला. गिरणीवाल्यांनी ऐकला असता तर त्यांनीही चोरला असता. हीच तर पंचाईत! मोजता मोजता आकडे सुटले. ढोल छातीत वाजायला लागला. मानेच्या मुळाशी गरम झालं, दात गच्च आवळले, पायाची बोटं मातीत रुतवली. ढोलवाल्यांना ते दिसलं असणार. ते पुढे सरकले, अगदी अंगावर आले. "उदो उदो!" लोक ओरडले. गावकीतले काका हात जोडून म्हणाले, "ये आई, ये!"

माझी हनुवटी खाली गेली. केस तोंडावर आले. गर्दीतून एकच आवाज उठला आणि मला वाटलं, संपलं. गेले मी. आणि खोटं कशाला सांगू, त्या भीतीत मला बरंही वाटत होतं.

तेवढ्यात दुसरीकडून हुंकार आला. मोठा, खोल. काठी दगडावर पडल्याचा आवाज झाला. आत्या खुर्चीतून उठली होती. अंबाडा सुटला, पांढरे केस गोल फिरले, आणि तीही घुमत, भेलकांडत थेट माझ्यावर चालून आली. लोक बाजूला झाले. तिने माझे केस मानेपाशी मुठीत धरले, देवी धरते तसे, आणि माझं डोकं खेचून आपल्या तोंडाशी आणलं.

तिचे डोळे उघडे होते. स्वच्छ, जागे. तांदळातला खडा शोधतानाचे तिचे रोजचे डोळे.

"मान ताठ ठेव," ती हळूच म्हणाली. "आयशीच्या मागं जाऊन उबी ऱ्हा. मी हाय आजून."

मग मला ढकलून दिलं आणि मोठ्याने ओरडली, "ही नाय! हिच्यात काय नाय!" आणि वळून त्या गुडघ्यांवर घुमत राहिली. ढोल तिच्यामागे गेले, लोक तिच्यामागे गेले. आईने मला पदराखाली ओढून घेतलं.

मी पुण्याला आले. कार्यक्रमांना जाते, घामाने भिजून खोलीवर परत येते. आत्याला मी एकच गोष्ट विचारू शकत नाही. त्या दिवशी ती जागी होती. मग बाकीचे दिवस? सोळाव्या वर्षी, लग्न मोडलं तेव्हा? इतके मंगळवार? ती हो म्हणाली तर काय करायचं, ह्याचीच मला भीती वाटते. नाही म्हणाली तरी वाटेल.

परवा बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, "गावकी इचारतेय गं. तुझी आत्या आता खुर्चीतून उठत नाय. यंदा पालखीला येशील का, नुसतं बगायला?"

मी काही बोलायच्या आत मागून आत्याचा आवाज आला. "ती नाय यायची! तिला सुट्टी नाय म्हनून सांग त्यांना!"

सुट्टीचं मला कोणी विचारलंही नव्हतं.

"मंग यंदा उभं कोन ऱ्हानार, आक्का?" बाबांनी तिकडे वळून विचारलं.

मी फोन कानाशी घट्ट धरून वाट पाहिली. तिकडे आत्याच्या सुपातले तांदूळ वाजत राहिले.