ताटाची डावी बाजू

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, की लगेच दवाखाना गाठा. हे पत्रक मी अचलपूरपासून चांदूर बाजारपर्यंत वाटलं आहे. लकवा ओळखायचा कसा, ते आता लोकांना कळतं. त्यानंतर काय, ते कुणी सांगत नाही. त्याचा मला राग आहे.

आधी आईला झालं, अमरावतीत. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. नुसतं 'पाणी' म्हणायला घाम फुटायचा, आणि आरती मात्र सबंध म्हणायची. स्पीच थेरपीच्या ताई म्हणाल्या, सुराचं बरंचसं काम उजवीकडे चालतं, ती बाजू आता थोडा भार उचलतेय, गाऊन बोलू द्या. तेव्हापासून आमच्या घरी चहा गाऊन मागतात. शेजारी हसतात. हसू द्या.

मग अकोल्याच्या मामाला झालं, मेंदूच्या उजव्या बाजूला. मामाची जीभ शाबूत. खाटेवर पडल्या पडल्या भेटायला आलेल्यांना राजकारण शिकवायचा. पायही लवकर चालू लागला. झालं, सगळ्यांनी निकाल देऊन टाकला : मामा बरा झाला. आपल्याकडे बोलतो तो बरा आणि गप्प तो गेला, एवढंच निदान. आईसमोर बसून "बिचारीले काही समजत नाही" म्हणणारे तेच लोक मामाला मोटरसायकल काढायला सांगत होते. मामाचं शेत ट्रकांच्या रस्त्यावर आहे. फोनवर मामी नुसती रडत होती.

मी आईला घेऊन अकोल्याला निघालो. एसटीत मला बसवेना. मूर्तिजापूर येईपर्यंत मी कंडक्टरशी, खिडकीशी आणि स्वतःशी भांडून झालो होतो. आई शांत.

आम्ही पोचलो तेव्हा मामा जेवायला बसत होता. गाडीची चाबी त्यानं उजव्या हाताशी, पाण्याच्या गिलासाजवळ ठेवली. जेवण झालं की निघायचं म्हणे.

"आज बी ठेचा नाही," अर्ध्या जेवणात मामा मामीवर घसरला. "लकवा झाला तं तिखट बंद, काहून व?"

"रोज वाढतो मी! रोज तसाच ठेवून उठता तुमी!" मामी उसळली.

"पाय बाई, माणूस आजारी पडला का बायको असं बोलते," मामा आईकडे वळून म्हणाला.

भेटायला आलेले सगळे हसले. मी ताट पाहिलं. मीठ, ठेचा, कांदा रीतीप्रमाणे डावीकडे, भाजी उजवीकडे. भाजी संपली होती. भाकरही उजवीकडून खाल्लेली, डावी अर्धी तशीच. नजर धड होती. त्याच्या मेंदूला डावीकडे जग आहे हेच ठाऊक नव्हतं. उजवा मेंदू दोन्हीकडे लक्ष ठेवतो, डावा बहुतेक उजवीकडेच. म्हणून हे काम डाव्याला सहज पेलत नाही. आईसारखी उसनवारी इथं जमत नाही. मी हे सांगू लागलो, तर मामा म्हणाला, "भाषण बाहेर दे बे."

आई उठली. डाव्या हातानं तिनं मामाचं ताट अर्धं फिरवलं. ठेचा उजवीकडे आला.

"हे पाय! आता कसा वाढला!" मामा खूश. भाकर संपली, ठेचा संपला. आपलं काही चुकलं असं त्याच्या गावीही नव्हतं.

मग मामा पाणी पीत असताना आईनं चाबी उचलली आणि सगळ्यांदेखत त्याच्या डाव्या गुडघ्याजवळ ठेवली.

मामानं हात धुतला. गिलासाजवळ चाचपलं. खिसा पाहिला. "चाबी कोणं घेतली?" त्यानं आमच्याकडे पाहिलं. "मजाक करून राहिले काय बे? मले उशीर होते!" त्यानं गिलास उचलून खाली पाहिलं. मला कपडे झाडायला लावले. मग म्हणाला, चाबी घरात आणलीच नव्हती, गाडीलाच असेल, आणि का असेल त्याची कारणंही फटाफट दिली. एकही शब्द अडला नाही.

आता कुणी हसत नव्हतं. आईनं आरतीच्या चालीवर दोनच शब्द काढले : "गाडी... नको..."

मामीनं वाकून चाबी उचलली आणि पदराला गाठ मारली. मामा अजून उजवीकडेच शोधत होता.