टेबलावरच्या कॅमशाफ्टची टकटक

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. गॅरेजच्या दाराला लिंबू-मिरची बांधायला आलेल्या माणसाला मी त्याच लिंबाचं सरबत करून पाजलंय. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा... आधी मीही हसलेच होते.

केडगावात, पुणे रोडला आमचं ट्रकचं गॅरेज आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलेलं. आता मी चालवते. बाई इंजिन खोलते म्हणून लोक अजून वाकून बघतात, बघू देत. अण्णा दोन वर्षांपासून ठार बहिरे आहेत. कानाचं मशीन पत्र्याच्या डबीत पडून असतं आणि आम्ही पाटीवर लिहून त्यांच्याशी बोलतो. तरी रोज सकाळी गॅरेजात येऊन खुर्ची अडवणार म्हणजे अडवणार.

मागच्या दिवाळीनंतर धाकटा भाऊ बाळू त्याचा ट्रक घेऊन आला. करंजी घाटात सगळे आपल्याला ओव्हरटेक करून जातात, हे त्याचं दुखणं. इंजिनाचं काम निघालंच होतं, तर त्याला परफॉर्मन्स कॅमशाफ्ट बसवून पाहिजे होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला उंचवटे असलेला दांडा. तो फिरला की त्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटे मोठे असले की व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि इंजिन वरच्या स्पीडला जोरात पळतं. पण लोडच्या गाडीला पळायचं नसतं, ओढायचं असतं, आणि त्याला खालच्या स्पीडला ताकद लागते. हे मी बाळूला तीनदा समजावलं. ऐकेल तर शपथ!

शेवटी दोन कॅम मागवले. एक त्याच्या हट्टाचा, मोठ्या उंचवट्यांचा. दुसरा माझ्या मताचा, बेताचा. चार दिवसांनी त्याला पाथर्डीकडून ऊसतोडीची टोळी कारखान्यावर पोचवायची होती — मागे बायका-पोरं धरून वीसेक माणसं, आणि वाटेत तोच घाट. रोजच्या कटकटीला कंटाळून मी म्हटलं, घे बाबा, तुझाच बसवते. तो कॅम रॉकेलात बुडवून पुसला, खडू लावून बघितला. तडा असेल तर रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. काही उमटलं नाही. कॅम एकदम स्वच्छ होता.

दुपारी लाईट गेली. कॉम्प्रेसर बंद, सगळं शांत. मी डबा खाऊन हात धूत होते तेवढ्यात अण्णा उठले, त्यांचा लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक त्या मोठ्या कॅमवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. चालू इंजिनातला बिघाड जुने मिस्त्री असाच ऐकतात. चालू इंजिनातला, हं. हा तर टेबलावर गोणपाटावर पडलेला नुसता दांडा होता.

अण्णा म्हणाले, "ह्यो ठोकतोय. पोराच्या गाडीत घालू नको."

मला हसू आलं, पण क्षणभरच. कान गेले होते, आता डोकंही चाललं की काय... त्यांची समजूत काढायची म्हणून मी स्क्रूड्रायव्हर माझ्या कानाला लावला.

टक... टक-टक... टक.

लंगडत चालल्यासारखी टकटक. मी टोक टेबलावर ठेवलं, काही नाही. दुसऱ्या कॅमवर ठेवलं, काही नाही. पुन्हा मोठ्या कॅमवर ठेवलं — टक... टक-टक... टक. रस्त्यावरच्या गाड्यांची थरथर म्हणावी, तर ती एकाच दांड्याला कशी येईल?

बाळूला ऐकायला लावलं. त्याला काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही दोघं बापलेक एकाच माळेचे मणी, असं म्हणून तो तणतणायला लागला. माझंही डोकं फिरलं.

"हा कॅम मी बसवणार नाही," मी म्हटलं. "दुसरीकडून बसवून घे, पण मग मला ताई म्हणू नको."

बेताचा कॅम बसवून घेतला त्याने, पण तोंड फुगवूनच. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

टोळी घेऊन तो निघाला, त्याच दिवशी मी तो मोठा कॅम एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या ओळखीच्या टर्नरकडे तपासायला नेला. त्याने ठोकळ्यांवर ठेवून तो हाताने हळूच फिरवला. दुसऱ्याच फेऱ्याला कट्कन दोन तुकडे! तुटलेल्या जागी आत, बनवतानाच पडलेला, काळा झालेला जुना तडा होता, वर फक्त पातळ कड धरून राहिलेली. गाडीत असता तर इंजिन जागच्या जागी बंद पडलं असतं, तो म्हणाला. मला घाटातलं वळण आणि मागची पोरं दिसली. मी तिथल्याच स्टुलावर बसले.

कॅम गाडीत नाही हे माहीत होतं, तरी बाळूला फोन लावला. लागेना. सात-आठ वेळा लावला. मग त्याचाच आला.

"ताई, घाट चढून आलो. गाडी बैलासारखी ओढतीय, तुझंच खरं."

मी टर्नरसमोर भडाभडा रडले. एवढं हलकं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं.

अण्णांचं डोकं ठिकाणावर आहे, हेही डॉक्टरांनी तपासून सांगितलं. कान गेले तरी हाडातून आवाज पोचू शकतो म्हणे. म्हटलं ठीक, पण निवांत पडलेल्या लोखंडातून आवाज निघाला कसा? त्यावर डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. टर्नर म्हणतो, तडा गेलेला दांडा ठोकला तर बद्द वाजतो. पण ठोकला कुणी होता?

आता बाळू लांबच्या ट्रिपला निघाला की आधी गॅरेजवर येतो, इंजिन बंद करतो आणि गपगुमान उभा राहतो. अण्णा बॉनेटमध्ये वाकून स्क्रूड्रायव्हर लावतात, बराच वेळ ऐकतात आणि "जा" म्हणतात.

एकदा मी पाटीवर लिहून विचारलं, काय ऐकू आलं?

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "म्हनून तर जा म्हनलं."