हिरड्याचा सारांश
वाळत घातलेल्या हिरड्याचा तुरट वास आला की जुन्नरच्या कॉलेजातली ती दुपार आठवते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी आमच्या डोंगरातल्या हिरड्यावर प्रबंध लिहिला होता. त्याचा पानभर सारांश वाचून मार्गदर्शक मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हा कुठून उचललास?" "मीच लिवलाय, मॅडम." त्यांनी माझी वाक्यं मोबाइलवर शोधली, पण काहीच सापडलं नाही. "घरात कोण शिकलंय?" "कुणीच न्हाई." "तेच म्हणतेय मी!" म्हणत त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी त्यांच्यासमोरच सगळं पुन्हा लिहिलं. ते वाचून त्यांनी सही केली. चुकलं मात्र म्हणाल्या नाहीत. आता मीही शिकवते. कुणाचं फार नेटकं लिखाण हातात आलं की मनात आधी संशयच येतो, आणि मला माझीच भीती वाटते.