शहराला टाळं लागतं का?

माझे बाबा इंदूरच्या महापालिकेत फायरमन होते, आणि हे सांगताना माझा आवाज अजूनही जरा चढतो. चढू दे. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, भुवया जळालेल्या, असा माणूस सकाळी दारात येऊन नुसतं "चहा टाक" म्हणायचा. त्याच्या मुलीनं हळू का बोलायचं?

आम्ही फायर स्टेशनच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबांच्या गाडीवर सहा जण होते आणि त्यांचा एक हट्टी रिवाज होता: एक गाडी, एक बात. चहाच्या वेळी जे ठरेल ते सगळ्यांनी करायचं. एकानं कूलर घेतला की सहाही घरांत तोच खडखडणारा कूलर. एकमेकांच्या भरवशावर आगीत शिरणारी माणसं ती, त्यांना कोण नावं ठेवणार?

तेव्हा इंदूरच्या कापड मिल एकेक करून बंद पडत होत्या. माझा मामा एका मिलमध्ये होता. एक दिवस गेटला टाळं लागलं आणि त्याचा हक्काचा पैसा आत अडकला. तो रोज आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "जो हाथ में आया वो अपना. बाकी सब बातें हैं."

नेमका तेव्हाच बाबांच्या ऑफिसातून फॉर्म आला. पालिका त्यांच्या नावानं दरमहा फंडात जो हिस्सा भरायची, तो रिटायर होताना एकरकमी घ्यायचा, की पेन्शनसाठी सोडून द्यायचा? पेन्शन मरेपर्यंत, आणि नवऱ्यामागे बायकोला. एकदाच निवडायचं, मग बदल नाही. सहाही जणांनी चहा पिता पिता ठरवलं, एकरकमीच. मिलवाल्यांचं झालं ते आपलं नको. सह्या करून फॉर्म गाडीचे प्रमुख असलेल्या जमादारांकडे दिले. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात जमा होणार होते.

आई पाचवी शिकलेली. तिचे वडील महूला फौजेत होते, ते लवकर गेले आणि आजीनं त्यांच्या पेन्शनवर चार पोरं वाढवली. त्यात हा मामाही होता बरं का! बाबांनी सहीचं सांगितलं तशी आईनं लाटणं खाली ठेवलं.

"तुमच्यामागे मी काय खायचं? कूलर?"

"अगं, उद्या पालिकाच बुडाली तर?"

"मिलला टाळं लागतं. शहराला टाळं लागतं का? आगी लागायच्या थांबणार आहेत का?"

बाबांना पटलं होतं, पण गाडी सोडून वेगळी सही करायची म्हणजे गद्दारी वाटत होती. मला त्यांचा असा संताप आला होता!

आई वाद घालत बसली नाही. चपला घातल्या आणि उरलेल्या पाचही घरी जाऊन आली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सहा बायका पदर खोचून लाल गाडीसमोर हजर. मीही मागे उभी होते. आई म्हणाली, "एक गाडी, एक बात ना? मग आमचंही ऐका. मागे कुणी राहिलंच तर आम्ही राहणार, तुम्ही नाही." जमादार बिचारे हातात ग्लास धरून उभेच. ड्रायव्हरकाका भडकले, "ये क्या तमाशा है, भाभीजी?" त्यांना त्यांच्याच बायकोनं जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबांनी सगळ्यांत आधी हात पुढे केला आणि आपला फॉर्म परत मागितला. मग एकेक करत बाकीच्यांनीही मागितले. जुने फाडले, नवे भरले, सगळ्यांनी पेन्शनवर खूण केली. मामा आठवडाभर फिरकला नाही, मग एक दिवस येऊन गुपचूप जेवून गेला.

रिटायर झाल्यावर चौथ्या वर्षी बाबा गेले. दोन-तीन महिन्यांनी आईची पेन्शन सुरू झाली, आणि पहिल्या वेळी मी तिच्याबरोबर बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलानं कागद बघून विचारलं, "माताजी, पति की पेंशन है ना?"

आई ताठ उभी राहिली. "आग उन्होंने बुझाई, भिया. ये पेंशन मैं लाई."

लाइनीतल्या बायका हसल्या. मी मात्र भर बँकेत रडले, अभिमानानं.