लवूचा कान

गिरगाव चौपाटीवरच्या वखारीत मलबारचा साग उतरला की आधी लवूला हाक जायची. दोरीनं ओंडक्याची गोलाई मापणारे पुष्कळ होते. पण मोगरीनं ठोकून, नुसत्या आवाजावरून आतला गाभा भरीव की पोकळ हे सांगावं ते लवूनंच. तो 'अव्वल' म्हणाला की ओंडक्यावर तशी खूण पडे, शेठ भाव लावी आणि गिऱ्हाईक शंका काढत नसे.

पन्नाशी उलटली आणि लवूला नीट ऐकू येईनासं झालं. त्यानं ते कुणाला कळू दिलं नाही. मोगरी मारायची, डोळे मिटायचे, आणि आधीच बघून ठेवलेल्या रंग-रेषांवरून अंदाजानं सांगायचं. बरेच दिवस निभावलं.

अठराशे त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वरळीचा हरेश्वर कोळी नव्या होडीसाठी लाकूड घ्यायला आला. लवूनं एक सरळसोट ओंडका ठोकला आणि बेधडक 'अव्वल' म्हणाला. हरेश्वरानं कोयत्याची मूठ त्याच लाकडावर आपटली, थबकला आणि लवूकडे बघतच राहिला. भोवती हमाल उभे होते. गादीवरून शेठ बघत होता. आपण चुकलो हे लवूनं ओळखलं.

"याचा रंग नाय आवडला," हरेश्वर म्हणाला. "दुसरा दाव, लवूदादा."

पुढच्या ओंडक्यावर मोगरी पडली तेव्हा हरेश्वरानं खाली पाहिलं. त्याच्या पुढच्यावर पडली तेव्हा कुणाला दिसणार नाही अशी होकाराची मान हलवली. लवू 'अव्वल' म्हणाला. सौदा झाला. शेठनं सगळ्यांदेखत लवूची पाठ थोपटली, असा कान मुंबईत दुसरा नाही म्हणाला. लवूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री तो ताटावरून तसाच उठला. गंगुबाईनं, त्याच्या बायकोनं, खोदून विचारलं तेव्हा त्यानं खालमानेनं सगळं सांगितलं. चाळीत कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "माका कधीपासून म्हायत आसा."

सकाळी लवूनं शेठला खरं सांगितलं आणि पोकळ ओंडक्यावरची अव्वलची खूण स्वतः खरवडून काढली. शेठनं त्याला कामावरून काढलं नाही. मोगरी तेवढी घेतली आणि हातात दोरी दिली.

होडी पाण्यात लोटायच्या दिवशी हरेश्वरानं दोघांना जेवायला बोलावलं. अंगात कणकण आहे म्हणून लवू घरीच राहिला. गंगुबाईनं प्रसादाचं खोबरं आणलं, ते त्यानं भिंतीकडे तोंड करून खाल्लं. पुढं कधीही हरेश्वर वखारीत आला की लवू रचलेल्या लाकडांच्या मागं जाई. त्याच्याशी एक शब्द बोलायचा होता, तो राहिला तो राहिलाच.